बिंतानचा वड

हे प्रकरण लिहू नकोस, असं मला घरातल्या तिघांनी सांगितलं. एकाने प्रेमाने, एकीने दटावून आणि एकाने वकिली थाटात, 'संबंधित व्यक्ती अजून हयात आहेत' वगैरे. झालं गेलं गंगेला मिळालं, आता कशाला उकरून काढतेस, असा सगळ्यांचाच सूर. मी म्हणते, गंगेला काहीसुद्धा मिळालेलं नाही. जे झालं ते सिंगापूरपासून तासाभरावरच्या एका बेटावर, वडाखाली, भर दुपारी, माणसांदेखत झालं. ज्याला लाज वाटायला हवी होती त्याला ती कधी वाटली नाही, मग मी का तोंडात मिठाची गुळणी धरून बसू? केस पिकले, गुडघे कुरकुरायला लागले, आता माझं कोण काय वाकडं करणार आहे! तेव्हा लिहिते. वाचायचं नसेल त्यांनी पुढचं प्रकरण उघडावं, त्यात माझ्या परीक्षा आहेत.

आम्ही तेव्हा वुडलँड्सला राहायचो, बाराव्या मजल्यावरच्या भाड्याच्या फ्लॅटमध्ये. बाबा पुण्याहून आलेले सॉफ्टवेअर इंजिनिअर, आई घरी, आणि मी त्यांची एकुलती एक, पंधरा वर्षांची, शाळेत इंग्लिश, शेजारच्या मकचिककडे मलय आणि घरात नाइलाजाने मराठी बोलणारी. मकचिक म्हणजे मलय लोकांची काकू. तिचं खरं नाव मला कधीच कळलं नाही. तिच्या आणि आमच्या स्वयंपाकघराच्या खिडक्या एकाच कॉरिडॉरवर उघडायच्या. सकाळी तिच्याकडे सांबल, म्हणजे मिरच्यांचं वाटण, परतायला लागलं की आमच्याकडे सगळ्यांना खोकला यायचा, आणि आमच्या मिरच्यांच्या फोडणीने तिच्याकडे. दोघींनी एकमेकींकडे कधी तक्रार केली नाही. आई तिला नारळाच्या वड्या द्यायची, ती आईला केळीच्या पानातला भात पाठवायची. खाली मलेशियाला जोडणाऱ्या कॉजवेकडे जाणाऱ्या ट्रकांची घरघर, हॉकर सेंटरमधल्या उलथण्यांचा खणखणाट, मकचिकचा रेडिओ, आणि या सगळ्यांना पुरून उरणाऱ्या आईच्या कुकरच्या शिट्ट्या. अजूनही कुठे कुकर वाजला की मला मीठ-मसाल्याची नाही, त्या कॉरिडॉरची आठवण येते.

शिट्टी म्हटलं की वैजूमावशी. आईची धाकटी बहीण, पुण्याच्या एका शाळेत खेळाची शिक्षिका. दोन बोटं तोंडात घालून ती अशी शिट्टी मारायची की मैदानाच्या त्या टोकाची पोरं जागच्या जागी थिजायची. लहानपणी सुट्टीत पुण्याला गेलो की मला तेवढंच शिकायचं असायचं, आणि माझ्या तोंडातून नुसती थुंकी उडायची. त्या वर्षी मे संपता संपता मावशी आमच्याकडे आली ती एका बॅगेनिशी, आणि आवाज जणू पुण्यातच विसरून. कुणी विचारलं तर 'हो', 'नको', 'चालेल'. डाव्या हाताचं मधलं बोट वाकडं झालं होतं, सरळ होत नव्हतं. गॅलरीतून खालच्या मुलांना शिट्टी मारली म्हणून तिच्या नवऱ्याने, श्रीकांतकाकाने, ते पिरगाळलं होतं. 'सभ्य घरातल्या बायका शिट्ट्या मारत नाहीत,' असं सभ्यपणे समजावून मग पिरगाळलं होतं. त्याआधीही हात उचलला होता. तेव्हा दोन्हीकडच्या मोठ्यांनी 'भांड्याला भांडं लागायचंच' म्हणून विषय मिटवला होता. भांडी कधी एकमेकांची बोटं मोडतात का?

आता आईबद्दल लिहायला हवं, आणि तेही सरळच लिहिते. आई घाबरली होती. बहिणीला तिने ठेवून घेतलं, तिच्या बोटाला रोज तेल लावून शेकलं, तिच्यासाठी दोन वेळा ताक घुसळलं; पण मराठी मंडळातल्या बायकांना सांगितलं की वैजू हवापालटाला आलीये, श्रीकांत प्रोजेक्टसाठी जर्मनीला गेलेत. आणि एकदा खोटं सांगितलं की त्याला रोज खायला घालावं लागतं. मंडळाच्या देवधर काकू भेटल्या की विचारायच्या, 'काय म्हणते गं जर्मनी?' म्हणून आई घरातून निघण्याआधी फोनवर म्युनिकचं तापमान बघून ठेवायची. 'आज जरा गारवा आहे म्हणाले,' असं ती इतक्या सहजपणे सांगायची की बाबासुद्धा क्षणभर गोंधळायचे. हे सगळं मला गमतीचं वाटायचं, एक दिवस आईला फोनवर बोलताना ऐकेपर्यंत. ती खोलीचं दार लोटून म्हणत होती, 'हो श्रीकांत, शब्द देते. महिनाअखेर पाठवते तिला. समजूत काढते मी तिची.' ताटं घेऊन मी तशीच उभी राहिले. त्या रात्री मी जेवले नाही, आणि का जेवत नाही हे आईने विचारलंही नाही. तिला ठाऊक असावं.

मावशीच्या पासची मुदत संपत आली होती. तिला तीस दिवसांचा व्हिजिट पास मिळाला होता. व्हिसा पुन्हा येण्याजाण्याचा होता, पण परत येताना आणखी तीस दिवस द्यायचे की नाही ते काउंटरवरच्या माणसाच्या हातात. बाबा मोजकं बोलणारे, पण असल्या गोष्टी ते कोडं सोडवल्यासारख्या सोडवायचे. ते म्हणाले, 'जूनची सुट्टी आहे, दोन रात्री बिंतानला जाऊन येऊ. इंडोनेशियाचं बेट आहे, शांत आहे, वैजूलाही बरं वाटेल. येताना पास मिळाला तर मिळाला.' 'आणि नाही मिळाला तर?' मी विचारलं. आई चटकन म्हणाली, 'तर पुण्याला जाईल. आपल्या घरी.' मावशी तेव्हा लसूण सोलत होती. तिने पुढची पाकळी उचलली.

प्रवास तासाभराचा, पण आईने शिदोरी काशीयात्रेची बांधली. तिखटमिठाच्या पुऱ्या, दाण्याची चटणी, गूळ-खोबरं, आणि एका वेगळ्या डब्यात उपासाची खिचडी, कारण दुसऱ्या दिवशी वटपौर्णिमा होती. आईची सिंगापुरातली वटपौर्णिमा म्हणजे एक सोहळा असायचा. मी प्राथमिक शाळेत असताना खडूने काढलेलं वडाचं एक चित्र होतं, दिसायला थेट ब्रोकोलीसारखं. ते आई डायनिंगच्या खुर्चीला टेकवायची, नऊवारी नेसायची, आणि त्या खुर्चीभोवती सूत गुंडाळत सात फेऱ्या घालायची. खोली लहान, त्यामुळे तिसऱ्या फेरीला फ्रिजचं दार आडवं यायचं. बाबा सोफ्यावर पाय वर घेऊन बसायचे आणि म्हणायचे, 'जपून गं, या जन्मीचा नवरा अजून इथेच बसलाय.' तर ती ब्रोकोलीही गुंडाळी करून बॅगेत गेली.

फेरीबोटीत चढून मावशी खिडकीजवळची जागा शोधत होती आणि मागून हाक आली, 'अगं सुनीता!' देवधर काकू! मरीन परेडच्या कॉन्डोत राहणाऱ्या, मंडळाच्या खजिनदार, सोबत निमूट देवधर काका. सिंगापूरचा मराठी माणूस चंद्रावर गेला तरी तिथे मंडळाची एक काकू आधीच सतरंजी अंथरून बसलेली असेल. आईचा चेहरा पडला. मग तिने मोबाइल काढून हळूच म्युनिक बघितलं.

बिंतान खरोखर शांत होतं. सिंगापुरात शांतता म्हणजे एसीचा आवाज. इथे एसी बंद केला तरी काहीतरी ऐकू येत होतं, आणि तो समुद्र होता. वाळूवर खेकड्यांनी काढलेल्या बारीक गोळ्यांच्या नक्षीतून मावशी संध्याकाळी ती न मोडता चालत राहिली, एकटीच. घड्याळ सिंगापूरच्या एक तास मागे. 'म्हणजे उद्याचा उपास एक तास जास्त,' आई म्हणाली. बाबांनी तिला 'सूट घे' म्हटलं, तर तिने त्यांच्याकडे असं बघितलं की ते आंघोळीला निघून गेले.

दुसऱ्या दिवशी आई सकाळीच नऊवारी नेसून बसली, आणि हॉटेलच्या गाडीने आम्ही सगळे, देवधरांसकट, कोळ्यांच्या एका वाडीत गेलो. लाकडी धक्का, वाळत घातलेली मासळी, पाण्यावर खांबांवर उभी असलेली घरं. आणि धक्क्यामागे वड. काय वड होता! पारंब्या जमिनीत रुतून त्यांचे पुन्हा खांब झालेले, सावलीत अख्खी वाडी जेवायला बसेल एवढा घेर. देवधर काकूंनी हात जोडले. 'सुनीता, खराखुरा वड! आणि आजच्या दिवशी! देवानेच आणलंय बघ आपल्याला.' त्यांच्या पर्समधून हळद-कुंकवाचा करंडा निघाला, सुताचं रीळ निघालं, निरांजनही निघालं. शेजारच्या टपरीवर एक म्हातारी चिनी बाई आंबे आणि शहाळी विकत होती. तिच्याकडून वाणाला पाच आंबे घेतले. बाबा आणि देवधर काका प्लास्टिकच्या खुर्च्यांवर शहाळी घेऊन बसले. एवढ्या गडबडीत झाडाच्या बुंध्याशी एक लहानसा लाल देव्हारा आहे, त्यात संत्री ठेवलीत, उदबत्त्या जळतायत, हे आमच्यापैकी कुणीही मनावर घेतलं नाही. वड दिसला की तो आपलाच, असं आपल्या बायकांना वाटतं. तो दुसऱ्या कुणाचा असू शकतो हे डोक्यातच येत नाही.

काकू पुढे, आई मागे, फेऱ्या सुरू झाल्या. मावशी बाजूला उभी. दुसऱ्या फेरीला सूत त्या देव्हाऱ्यावरून जायला लागलं, तशी टपरीवरची म्हातारी उठून आली. रागावली नाही. तिने उदबत्त्या तेवढ्या आत सरकवल्या, सूत दोन बोटांनी उचलून देव्हाऱ्याच्या वर नेलं, आणि मला मलयमध्ये विचारलं, हे काय चाललंय? मी माझ्या मकचिकछाप मलयमध्ये सांगितलं, नवऱ्यासाठी पूजा आहे, पुढचे सात जन्म हाच नवरा मिळावा म्हणून.

'सामा?' म्हातारीने विचारलं. म्हणजे, तोच?

'तोच.'

'सातही वेळा?'

मी मान हलवली. ती स्टुलावर बसली आणि एप्रन तोंडाला लावून हसायला लागली. मग टपरीमागच्या झोळीत घोरत पडलेल्या म्हाताऱ्याकडे बोट दाखवून काहीतरी म्हणाली.

'काय म्हणते गं?' काकूंनी फेरी न थांबवता विचारलं.

'ती म्हणते, हा एकच तिला पुरून उरलाय.'

आणि वैजूमावशी हसली. महिन्याभरात पहिल्यांदा. मैदानावरचं, पोट धरून हसायचं हसू. म्हातारी तिच्याकडे बघून आणखी हसली. मीही हसले. आईच्या ओठांचा कोपरासुद्धा हलला, मी पाहिलं.

काकूंना ते लागलं. त्या थांबल्या आणि सुताचं रीळ मावशीच्या हातात कोंबत म्हणाल्या, 'हसायचं काय त्यात? धर. तिकडे परक्या देशात एकटे राबतायत बिचारे, त्यांच्यासाठी सात फेऱ्या जड झाल्या का?'

मावशीचं हसू विझलं. ती रिळाकडे बघत राहिली. तिसरी फेरी पूर्ण करून आई तिच्याजवळ आली आणि दबक्या आवाजात म्हणाली, 'वैजू, फिर गं. दोन मिनिटांचं काम. मनात काही म्हणू नकोस, नुसतं फिर.'

'नाही, ताई. पायांना कळतं ना.'

'अगं, पण का?' काकूंचा आवाज चढला. 'असं काय झालंय?'

'बिकॉज शी डोन्ट वॉन्ट, लाह!' मी अस्सल सिंगापुरी इंग्लिशमध्ये ओरडले. मराठीत एवढं उर्मटपणे बोलायची मला तेव्हा सवय नव्हती. आज आहे. त्या ओरडण्याबद्दल मी आजतागायत कुणाची माफी मागितलेली नाही.

'मनू, गप्प बस,' आई म्हणाली. पण ती माझ्याकडे बघत नव्हती. ती मावशीच्या हाताकडे बघत होती. रीळ डाव्या हातात होतं, आणि ते वाकडं बोट त्याच्यावर बसत नव्हतं, एकटंच बाहेर आलं होतं. रोज ज्या बोटाला ती तेल लावायची तेच बोट. पण घरात, दिव्याखाली तेल लावणं वेगळं, आणि त्याच बोटात त्याच माणसासाठीचं सूत बघणं वेगळं. आईने रीळ काढून घेतलं आणि काकूंकडे वळली.

'जर्मनीत कुणी नाही, काकू. मी खोटं सांगितलं. श्रीकांत पुण्यात आहे, मजेत आहे. त्याने हिचं बोट मोडलं म्हणून ही माझ्याकडे आली. आणि मी त्याला शब्द दिलाय, महिनाअखेर हिला परत पाठवते म्हणून. तो शब्द मी आत्ता मोडला.'

काकू म्हणाल्या, 'अगं, सणाच्या दिवशी, वडाखाली हे असलं...'

'मग कुठे बोलू? मंडळाच्या सभेत?'

'बरं बाई, पण तुझ्या फेऱ्या तरी पुऱ्या कर. तीनच झाल्यात. अर्ध्यावर सोडणं अशुभ असतं.'

आईने हातातल्या सुताकडे पाहिलं. टोक तोडलं, नीट गाठ मारून पारंबीला बांधलं. मग वाणाच्या ताटातला आंबा उचलला, डोळ्यांनी मावशीला 'बस' म्हणून खुणावलं, त्या वडाच्या मुळावर बैठक मारली आणि आंब्याचं साल दातांनी सोलून खायला लागली. फेऱ्या अर्ध्या टाकून, पूजेच्या ताटातला, नऊवारीत. रस कोपरापर्यंत ओघळला. बाबा खुर्चीतून उठले, काय करावं ते सुचेना म्हणून पुन्हा बसले. दुसरा आंबा आईने मावशीला दिला, तिसरा मला. काकूंनी आपल्या उरलेल्या फेऱ्या भराभर घातल्या. त्या काही वाईट बाई नव्हत्या, पण परत सिंगापुरात पाऊल ठेवायच्या आत निम्म्या मंडळाला कळलं होतं. आईला पुढे कितीतरी दिवस कुणी हळदीकुंकवाला बोलावलं नाही. आईने मग आपल्या घरीच हळदीकुंकू केलं, मकचिकसकट सगळ्यांना बोलावलं, आणि दाराशी मावशीला उभं केलं कुंकू लावायला. निम्म्या बायका आल्या नाहीत. आल्या त्यातल्या दोघी स्वयंपाकघरात आईचा हात धरून रडत उभ्या होत्या. त्या का रडत होत्या ते मला तेव्हा सांगावं लागलं नाही.

परतीच्या फेरीत समुद्र खवळला होता, की आम्हीच, कोण जाणे. मावशी पासपोर्ट मांडीवर घेऊन बसली होती. आई म्हणाली, 'पास नाही मिळाला तर मीही तुझ्याबरोबर पुण्याला येते. पण त्याच्या घरी जायचं नाही. आपण दोघी खोली बघू.' बाबांनी खिडकीबाहेरची नजर आईकडे वळवली.

इमिग्रेशनच्या रांगेत आम्ही तिघं आधी सुटलो आणि पिवळ्या रेषेपलीकडे उभे राहिलो. मावशी काउंटरवर. अधिकाऱ्याने पासपोर्टची पानं पुढे-मागे केली. 'मागच्याच महिन्यात आलात. पुन्हा कशाला?' इंग्रजीत त्याने विचारलं. ही मावशी, जिचा आवाज महिनाभर शेजारच्या खोलीतही ऐकू आला नव्हता, मैदानावरच्या आवाजात म्हणाली, 'माय सिस्टर लिव्ह्ज हिअर. आय वॉन्ट टु स्टे विथ माय सिस्टर.' आजूबाजूच्या दोन रांगा वळून बघायला लागल्या. अधिकाऱ्याने रेषेपलीकडच्या आईकडे पाहिलं. आई कंबरेवर हात ठेवून उभी होती, नजर न हलवता. शिक्का पडल्याचा आवाज मला इतक्या लांबून ऐकू आला असं मी नेहमी सांगते. बाबा म्हणायचे, शक्यच नाही. मी म्हणते, मला आला.

त्या तीस दिवसांत मावशीने फोनवरून नाशिकच्या एका शाळेत नोकरी पक्की केली. ती भारतात परत गेली, पण श्रीकांतकाकाच्या दारात पुन्हा उभी राहिली नाही. ज्यांनी म्हटलं होतं, 'एकटी बाई किती दिवस तग धरणार,' त्यांना कळवते की ती अजून धरून आहे, आणि हे प्रकरण छापायला पहिला होकार तिचाच.

त्या दिवशी टर्मिनलबाहेर टॅक्सीला ही मोठी रांग. मावशीने बॅग खाली ठेवली, डाव्या हाताकडे एकदा बघितलं, आणि उजव्या हाताची दोन बोटं तोंडात घातली. आधी नुसती हवा गेली. मग पुन्हा. तिसऱ्यांदा शिट्टी अशी वाजली की रांगेतली माणसं दचकली आणि लांबची एक टॅक्सी करकचून थांबली. 'ऐयो, आंटी!' ड्रायव्हर काच खाली करून म्हणाला.

टॅक्सी वुडलँड्सकडे निघाली. आई मागे माझ्या आणि मावशीच्या मध्ये बसली होती, हाताला अजून कालच्या आंब्याचा वास. पुढच्या सीटवरून बाबांनी घसा खाकरला. कालपासून ते या एका वाक्याची तयारी करत असावेत.

'सुनीता, ते म्हणजे... माझ्या उरलेल्या चार जन्मांचं काय?'

आईने खिडकीबाहेर पाहिलं. मग म्हणाली, 'तीन दिलेत ना? आधी ते नीट वागून दाखवा.'